पिवळ्या पानांची नवी शिवण

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीतल्या पाटी नसलेल्या दुकानात मी गेल्या डिसेंबरात एकतीस पुस्तके बायंडिंगला दिली. त्यांतली एकोणतीस मनासारखी होऊन परत आली, एक बिघडले आणि एक अजून तिथेच आहे. जुनी पेपरबॅक पुस्तके जपणाऱ्यांनी या दुकानात जावे की नाही, एवढेच सांगण्यासाठी हे लिहीत आहे. मात्र पुस्तके कोणती होती हे सांगितल्याशिवाय काम कसे झाले हे सांगता येणार नाही, कारण या कामातली अर्धी अडचण त्या पुस्तकांच्या जातकुळीतच होती.

मी स्वतः रहस्यकथा लिहितो. पस्तीस वर्षे दिवाळी अंकांसाठी आणि अधूनमधून एखाद्या छोट्या प्रकाशकासाठी लिहीत आलो आहे, आणि लिहिण्याच्या आधीपासून एकाच प्रकारचे वाचत आलो आहे. इंग्रजीत ज्याला हार्डबॉइल्ड म्हणतात, म्हणजे अंडे इतके उकडलेले की आतला बलक ओघळत नाही, त्या कडक जातीच्या गुप्तहेरकथांचे मला शाळकरी वयापासून वेड आहे. वेडाची सुरुवात आपल्याकडच्या बहुतेकांची होते तशीच, बर्डीवरच्या फुटपाथवर, जेम्स हॅडली चेसपासून झाली. चेस हा अमेरिकन नसून लंडनचा माणूस होता आणि 1939 साली आलेली आपली पहिली कादंबरी त्याने नकाशे आणि अमेरिकी बोलीचा शब्दकोश समोर ठेवून लिहिली होती, हे कळायला मला पुढे दहा वर्षे लागली. तोवर मी त्याला सोडून त्याच्या मूळ घराण्याकडे, म्हणजे डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्याकडे गेलो होतो आणि तिथून परत फिरलो नाही.

ही पुस्तके टिकण्यासाठी छापलेलीच नव्हती. 1920 साली अमेरिकेत ‘ब्लॅक मास्क’ नावाचे मासिक निघाले आणि 1923 साली त्यात कॅरोल जॉन डेली आणि हॅमेट या दोघांचे गुप्तहेर काही महिन्यांच्या अंतराने अवतरले. त्या जातीच्या मासिकांना ‘पल्प’ म्हणत ते कथांवरून नव्हे, कागदावरून. लाकडाचा लगदा दळून केलेला तो स्वस्त, खरखरीत कागद वाचून फेकण्यासाठी होता. लाकडातले लिग्निन त्यात तसेच राहते, ते प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते, आणि कागदातले आम्ल त्याचे धागे आतून तोडत जाते. पुढे याच कथा-कादंबऱ्या पेपरबॅकमध्ये आल्या तेव्हा कागद फार सुधारला नाही आणि शिवण मात्र गेली. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवण्याऐवजी पानांची पाठ कापून तिला सरस लावायचा, की झाले पुस्तक. असे पुस्तक नागपुरात आणले म्हणजे त्याचे काय होते हे मी चाळीस वर्षे पाहत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पाठीचा सरस काचेसारखा तडकतो. आपण कूलर लावतो, त्या ओलसर वाऱ्याने पाने फुगतात. जूनपासून खरी दमट हवा सुरू होते आणि कसर पुठ्ठ्यात शिरते. माझे पुस्तकांचे कपाट बरीच वर्षे कूलरच्या अगदी समोर होते, हा दोष माझाच.

याआधी एकदा, वीसेक वर्षांपूर्वी, शहरातल्याच एका दुसऱ्या बायंडरकडे मी सहा पुस्तके दिली होती. त्याने सहाही पुस्तके एका गठ्ठ्यात धरून तिन्ही बाजूंनी कटरखाली सरळ करून दिली. कडा सुरेख आल्या, पण दोन पुस्तकांत ओळींची शेवटची अक्षरे गेली आणि वरची पृष्ठांकांची पट्टी चार पुस्तकांत अर्धी उरली. मुखपृष्ठे त्याने रद्दीत टाकली होती. त्यानंतर मी कोणाकडे पुस्तक दिले नाही.

त्यामुळे महालातल्या या दुकानात मी चार पुस्तके घेऊन, परीक्षा घ्यायच्या तयारीने गेलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली आहे. एका बाजूला हातचाकाचे लोखंडी प्रेस, दुसऱ्या बाजूला कोर्टाची आणि शाळेची रजिस्टरे, आणि भिंतीला टेकलेले काळ्या रेक्झिनचे पीएच.डी.चे प्रबंध. मालक सत्तरीच्या आसपासचे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझ्या हातातले पहिले पुस्तक घेतले, उघडले नाही. एक कोपरा बोटांत धरून हळूच दुमडला, परत उलटा दुमडला, आणि तो कोपरा तिसऱ्या दुमडीला त्यांच्या बोटातच राहिला.

“दोन घड्या झेलल्या यानं,” ते म्हणाले. “याले टाका मारला तं टाक्याच्या ओळीवर तुटन. वाचाले पायजे का ठेवाले पायजे, ते सांगा भाऊ.”

मी म्हणालो, वाचायला. हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता, आणि याच प्रश्नासाठी मी हे दुकान सुचवतो.

वाचायचे पुस्तक आणि ठेवायचे पुस्तक यांचे बायंडिंग वेगळे असते. पानांच्या आतल्या समासातून आरपार भोके पाडून दोऱ्याने आवळले की पुस्तक दगडासारखे मजबूत होते, पण ते पूर्ण उघडत नाही. उघडायला जोर केला की ठिसूळ कागद दोऱ्याच्या रेषेवर कापल्यासारखा तुटतो. त्याऐवजी काका जुना सरस खरवडून काढतात, पानांचा गठ्ठा प्रेसमध्ये सैल धरून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पंख्यासारखा वाकवतात आणि दोन्ही वेळा पाठीला चिकटद्रव्य लावतात. त्यामुळे प्रत्येक पानाच्या कडेला दोन्ही बाजूंनी केसभर पकड मिळते. वर मलमलीची पट्टी, मग अस्तराचा कागद, मग पुठ्ठा. पाठीला ते पांढरा फेव्हिकॉलच्या जातीचा गोंद वापरतात, तो वाळल्यावर लवचीक राहतो. अस्तराला मात्र मैद्याची खळ, आणि तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. कटरखाली त्यांनी एकही पुस्तक घातले नाही. कडा उंचसखल राहिल्या आहेत, हात फिरवला की जाणवतात, आणि मला त्या तशाच हव्या होत्या, कारण पल्प मासिकांच्या कडाही अशाच न कापलेल्या, खडबडीत असत.

पहिली चार पुस्तके नीट आली तेव्हा उरलेली सत्तावीस दोन थैल्यांत भरून नेली. त्यात चँडलरच्या सातही कादंबऱ्या होत्या, त्यांपैकी तीन पेंग्विनच्या हिरव्या मुखपृष्ठाच्या. पेंग्विन गुन्हेगारी कथांना हिरवा रंग देत असे आणि फुटपाथवरच्या ढिगात तो हिरवा कोपरा दुरून ओळखू यायचा. हॅमेटच्या पाचही कादंबऱ्या होत्या. हॅमेटने त्या 1929 ते 1934 एवढ्या काळात संपवल्या आणि पुढची सत्तावीस वर्षे, 1961 साली मरेपर्यंत, एकही पूर्ण केली नाही. चँडलरचे उलटे. तेलाच्या कंपनीतला मोठ्या पगाराचा माणूस दारूपायी 1932 मध्ये नोकरीवरून निघाला, आणि त्याची पहिली कथा ‘ब्लॅक मास्क’मध्ये छापून आली तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. पहिली कादंबरी एक्कावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. मला चाळिशीत माझ्या पहिल्या कादंबरीसाठी प्रकाशक मिळेना तेव्हा मी या आकड्यावर बरेच दिवस काढले आहेत. याशिवाय याच पठडीतला रॉस मॅकडोनाल्ड होता, आणि हॅमेटचा भक्त असलेल्या जो गोर्स या लेखकाची तीन पुस्तके होती.

काकांचा मुख्य धंदा प्रबंधांचा आहे, त्यामुळे माझ्या थैलीतल्या पुस्तकांनाही त्यांनी सवयीने तेच काळे रेक्झिन आणि पाठीवर तीच सोनेरी अक्षरे सुचवली. मी हसलो, ते त्यांना कळले नाही, म्हणून इथे सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात एम.ए. करताना गोर्सला हॅमेट, चँडलर आणि त्यांच्या पठडीवर प्रबंध लिहायचा होता. तो विषय नाकारला गेला आणि त्याला दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या साहित्यावर लिहावे लागले. पुढे 1971 साली बोस्टन विद्यापीठात रॉबर्ट बी. पार्करला मात्र हॅमेट, चँडलर आणि मॅकडोनाल्ड यांच्यावरच डॉक्टरेट मिळाली. पार्करने दोन वर्षांनी आपला स्पेन्सर नावाचा गुप्तहेर काढला आणि चँडलरने चार प्रकरणांवर सोडलेली कादंबरी 1989 मध्ये पूर्ण करून छापली. जानेवारी 2010 मध्ये तो लिहायच्या टेबलाशी बसलेला असतानाच गेला. काळ्या रेक्झिनला मी होकार दिला तो या दोघांसाठी.

गोर्सची भक्ती मला पार्करपेक्षा जवळची वाटते, कारण त्याने ती पायाने केली. हॅमेट पिंकर्टन एजन्सीत खरोखर गुप्तहेर होता. गोर्सनेही सॅन फ्रान्सिस्कोत दहा-बारा वर्षे खासगी गुप्तहेराची नोकरी केली, आणि तीही कोणती, तर हप्ते थकवणाऱ्यांच्या मोटारी शोधून उचलून आणण्याची. त्याच्या कथांतल्या कचेरीत म्हणूनच खुनाच्या तपासाइतकीच प्रवासखर्चाची बिले असतात. 1975 साली त्याने हॅमेटलाच नायक करून कादंबरी लिहिली, आणि 2009 साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, हॅमेटच्या वारसांच्या परवानगीने, हॅमेटचाच गुप्तहेर सॅम स्पेड याची पूर्वकथा लिहिली. तीत त्याने गुरूचा सर्वांत अवघड नियम पाळला आहे, तो म्हणजे पात्राच्या मनात कधीच शिरायचे नाही, फक्त हात, चेहरा आणि बोलणे दाखवायचे. हॅमेट 10 जानेवारी 1961 रोजी वारला. गोर्स 10 जानेवारी 2011 रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी. गोर्सने ही गोष्ट कथेत घातली असती तर संपादकाने खोडली असती. मी दरवर्षी त्या दिवशी दोघांपैकी एकाचे पुस्तक वाचायला घेतो, आणि म्हणूनच काकांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची मुदत दिली होती. ती पाळली गेली नाही. घाई असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परीक्षांच्या आणि प्रबंधांच्या हंगामात इथे तुमची पुस्तके मागे पडतात, फोन केला तर “होऊन राहिलं” एवढेच उत्तर मिळते, आणि पुस्तके गठ्ठ्यानेच परत येतात, सुटी नाहीत.

बिघडलेल्या पुस्तकाचे सांगतो. चँडलरची ‘द लाँग गुडबाय’, 1953 ची, त्याच्या कादंबऱ्यांत सर्वांत जाड आणि माझ्या मते सर्वांत चांगली. ती काकांच्या मुलाने केली. जाड पुस्तकाला नुसता गोंद पुरणार नाही असे वाटून त्याने आतल्या समासातून तीन टाके मारले. हेतू वाईट नव्हता, पण आता ते पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय वाचता येत नाही आणि ओळींची आतली टोके घळईत बुडाली आहेत. टाके काढा म्हणालो, तर काकांनी पुस्तक उलटेसुलटे करून सांगितले की काढताना पानाची कड येईल. पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि मुलाला माझ्यासमोर बोलले, ते मात्र मला आवडले नाही. तुम्ही गेलात तर काम काका स्वतः करणार का, हे आधी विचारून घ्या.

मुखपृष्ठांचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी काढला होता. चेसच्या मुखपृष्ठांवर पिस्तूल आणि अर्धवस्त्र बाई असायचीच, आणि माझ्या आईने त्यांतल्या काहींवर शाळेच्या वहीचा खाकी कागद चढवला होता. तो कागद अजून तसाच आहे. काकांनी ही मुखपृष्ठे पाहून जरा घसा खाकरला, पण नव्या पुठ्ठ्याच्या आत, अस्तरानंतर, प्रत्येक मुखपृष्ठ वेगळे पान म्हणून बसवून दिले. आईचा खाकी कागद काढू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. त्यांनी कागदासकट बसवले, आणि कागदाची दुमड ज्या बाजूला होती ती बाजू पाठीकडे घेतली, म्हणजे पुस्तक उघडताना तो उसवणार नाही.

मराठी गठ्ठा मी या वेळी मुद्दाम मागे ठेवला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतल्या साठेक माझ्याकडे आहेत. त्यांच्या पातळ पुस्तिकांना पाठीतून तारेचे टाके आहेत, ते गंजून कागदात तपकिरी भोके पडली आहेत, आणि ते काम पूर्णपणे वेगळे आहे. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर माझे लहानपण पोसले गेले, त्यामुळे पुढचे वाक्य लिहिताना जीभ चावावीशी वाटते. पण कडक जातीची कथा मराठीत फारशी रुजली नाही, याचे एक कारण मला आमच्या नायकांच्या खिशात दिसते. ते धाडसी असतात, देखणे असतात, त्यांच्याकडे मोटार असते, मात्र ते घरभाडे कसे देतात हे कधी कळत नाही. हॅमेटचा सुरुवातीचा नायक कंपनीचा पगारी नोकर आहे, जाड आहे, चाळिशीचा आहे आणि त्याला नावसुद्धा नाही. चँडलरचा फिलिप मार्लो दिवसाला किती डॉलर आणि खर्च वेगळा हे आधी ठरवतो. हे हिंदीने आमच्याआधी ओळखले. चेसचे हिंदीत अनुवाद केलेल्या सुरेंद्र मोहन पाठकांनी दिल्लीचा सुधीर कोहली हा खासगी गुप्तहेर रचला, तो फीबद्दल घासाघीस करतो आणि स्वतःच्या लबाडीबद्दल वाचकाशी मोकळेपणाने बोलतो. नागपूरच्या स्टेशनवर ही हिंदी पॉकेट बुके मराठी घरांतली पोरे सर्रास घेत असत, मीही घेतली. मराठीत सुहास शिरवळकरांनी वेग आणला, चटपटीत संवाद आणले, पण त्यांचे नायकही अखेर जिंकायलाच जन्मलेले. मी स्वतः कॉटन मार्केटजवळ एका खोलीत राहणारा, वसुलीची कामे करणारा गुप्तहेर लिहून पाहिला. दोन दिवाळी अंकांनी तो “फार कोरडा” म्हणून परत केला.

पैशांचे सांगायचे तर मला एका पुस्तकाला दोनशे ते तीनशे रुपये पडले, जाडी आणि कागदाची अवस्था पाहून. सोनेरी अक्षरांचे वेगळे चाळीस. ज्या पुस्तकाची बाजारात शंभर रुपये किंमत नाही त्याला तीनशे रुपये कशाला, असे घरी विचारले गेले आणि माझ्यापाशी त्याला चांगले उत्तर नव्हते. अक्षरे देवनागरीत घालून घेतली. त्यात ‘हॅमेट’चा तीन पुस्तकांवर ‘हमेट’ झाला आणि एकावर ‘हेमंत’. मजकूर सुवाच्य लिहून द्या, शक्यतो टाइप करून द्या. हेमंत मी तसाच ठेवला आहे. ऑगस्टमध्ये काम देऊ नका, खळ वाळत नाही आणि काका स्वतःच नको म्हणतात. रेक्झिनऐवजी सुती कापड मागितले तर ते इतवारीतून आणून देतात, थोडे महाग पडते, पण उन्हाळ्यात हाताला चिकटत नाही. पुन्हा जाईन तेव्हा कापडच घेईन.

राहिले एक पुस्तक, म्हणजे गोर्सची हॅमेटवरची कादंबरी. फेब्रुवारीत बाकीचा गठ्ठा आणायला गेलो तेव्हा काकांनी ती सुटी, दोऱ्याने बांधलेली, बाजूला काढून ठेवली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण पाठ खरवडल्यावर ते पाने मोजतात, प्रत्येक पुस्तकाची, आणि कोपऱ्यातले आकडे ओळीने पाहतात.

“एकशे तेरा-चौदा नाई आहे,” ते म्हणाले. “तुटलं नाई, ओढून काढलेलं आहे. सरसात बुड राहिलं होतं, हे पहा.”

कागदाच्या पुडीत त्यांनी ती दोन मिलिमीटरची पिवळी चिंधी जपून ठेवली होती. मी हे पुस्तक निदान पाच वेळा वाचले आहे. एकशे बारानंतर एकशे पंधरा येते हे मला, गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या माणसाला, एकदाही दिसले नव्हते. अपुरे पुस्तक बांधायला काका तयार नाहीत. पुण्याच्या एका मित्राकडे तीच आवृत्ती आहे, त्याने त्या पानाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स पाठवली आहे, पण तो कागद पांढराफेक आणि जाड आहे. काकांनी तो ठेवून घेतला नाही. जुन्या रजिस्टरातली कोरी, पिवळी पडलेली पाने त्यांच्याकडे आहेत, त्यांवर छापून आणा म्हणाले, आणि दोन पाने कापून दिली. एक बिघडले तर असावे म्हणून दुसरे.